गिरण्यांना विजेची सवय लावणारा माणूस : दोराबजी टाटांची कमी सांगितली जाणारी गोष्ट

उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये राहून अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या माणसाचा रविवार शुक्रवारी येतो.

म्हणजे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. डोंबिवलीच्या एमआयडीसीतही तेच. पुण्याकडे भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात मात्र ही सुट्टी गुरुवारी असते. लग्नाची पत्रिका हातात आली की अशा घरांत आधी वार बघितला जातो, तारीख नंतर.

ही विभागणी कुणाच्या धार्मिक सोयीसाठी झालेली नाही, ती विजेसाठी झाली. राज्यातले सगळे कारखाने रविवारी बंद आणि उरलेले सहा दिवस एकदम चालू राहिले, तर रविवारी वीज पडून राहणार आणि बाकीचे दिवस तारांवर ताण येणार. म्हणून वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळा वार वाटून दिला गेला. कारखान्यांच्या भाषेत याला स्टॅगरिंग हॉलिडे म्हणतात.

आज जगभर यावर मोठमोठ्या चर्चा चालतात. वीजवाहिन्या भरल्या आहेत, नवीन टॉवर उभे करायला वर्षं लागतात, मग उद्योगांनीच वीज वापरायची वेळ थोडी पुढेमागे केली तर? ऐकायला एकदम नवं वाटतं. पण मुंबईच्या आसपास हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. ज्या माणसाच्या कंपन्यांना तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला, त्याचं नाव सर दोराबजी टाटा.

दोराबजी म्हटलं की लोकांना जमशेदपूरचा पोलाद कारखाना आठवतो, ऑलिम्पिक आठवतं, नाहीतर बायकोचा हिरा गहाण ठेवल्याची गोष्ट आठवते. विजेचं काम सहसा कुणी सांगत नाही. कदाचित त्या गोष्टीत एक भाग असा आहे की तो अभिमानाच्या रीलमध्ये बसत नाही.

तर सुरुवातीपासून.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईतला. जमशेटजी टाटांचे ते थोरले चिरंजीव. शिक्षणासाठी इंग्लंडला गेले, केंब्रिजला दोन वर्षं काढली, अभ्यासापेक्षा खेळात जास्त रमले. परत येऊन मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून १८८२ मध्ये पदवी घेतली. आणि त्यानंतर टाटांच्या वारसाने काय केलं, तर पत्रकारिता! बॉम्बे गॅझेट नावाच्या वर्तमानपत्रात ते दोनेक वर्षं काम करत होते.

पुढे वडिलांनी त्यांना कापडधंद्यात ओढलं. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, तिथे दोराबजी गिरणीचं काम शिकले. बॉयलर, कोळसा, पट्टे, धूर हे सगळं त्यांनी जवळून पाहिलं. १८९८ मध्ये त्यांचं लग्न मेहेरबाई भाभा यांच्याशी झालं. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांच्या या आत्या.

आता तेव्हाच्या मुंबईकडे बघू. गिरणगावात जिकडे पाहावं तिकडे चिमण्या. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा बॉयलर, स्वतःचा कोळशाचा ढीग. महाराष्ट्राच्या या किनाऱ्यावर कोळसा सापडत नाही, तो बंगालकडून रेल्वेने किंवा समुद्रमार्गे बोटीने यायचा. म्हणजे मुंबईतला धंदा मुंबईचा, पण त्याची ताकद फार लांबून यायची. मालगाड्या अडल्या किंवा भाडं वाढलं की गिरणीमालकाच्या पोटात गोळा.

आणि तिकडे सह्याद्रीत दरवर्षी चार महिने धो-धो पाणी कोसळायचं आणि वाहून जायचं.

हे पाणी घाटमाथ्यावर अडवायचं, पाइपातून कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज बनवायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या एका आर्किटेक्टने जमशेटजींच्या डोक्यात घातली. जमशेटजींनी ती मनावर घेतली. पण मे १९०४ मध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. पोलाद, विज्ञान संस्था आणि वीज ही तिन्ही कामं कागदावरच होती. ती दोराबजींच्या वाट्याला आली. वय ४४.

पोलादाची कंपनी १९०७ मध्ये उभी राहिली. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचा मार्ग १९०९ मध्ये मोकळा झाला. १९१० मध्ये दोराबजींना सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे नंतरचे लॉर्ड सिडनहॅम, या योजनेच्या बाजूने होते. भांडवल भारतातूनच गोळा झालं, संस्थानिकांनीही पैसे घातले. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात धरणाचा पाया घातला गेला.

लोणावळा, वळवण आणि शिरवटा असे तीन तलाव. तिथून पाणी खाली खोपोलीत. मधला उतार साधारण पाचशे मीटरचा. खोपोलीच्या वीजघरातून उच्च दाबाची लाइन निघाली ती थेट मुंबईत परळला, सुमारे ७० किलोमीटर. फेब्रुवारी १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पाण्याची वीज पोहोचली.

वीजघर बांधण्याइतकंच अवघड काम होतं गिरणीमालकांना पटवण्याचं. बॉयलर आणि इंजिनांत त्यांचे पैसे आधीच अडकलेले होते. स्वतःचं इंजिन बिघडलं तर एक गिरणी बंद पडायची, पण घाटातून येणारी एकच तार तुटली तर? सगळ्या गिरण्या एकदम अंधारात. शिवाय मोटारी नव्या घ्यायच्या. त्यामुळे योजना उभी राहिली ती गिरण्यांशी केलेल्या वीजखरेदीच्या करारांवर. दोराबजी इंजिनिअर नव्हते. पण गिरणीमालकाला काय दिसतं आणि काय खुपतं हे त्यांना नागपूरपासून माहीत होतं, आणि या कामात तेच जास्त उपयोगी होतं.

इथे विजेचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

मंगल कार्यालयाचा हिशोब आठवा. मुहूर्ताच्या तारखांना हॉल मिळत नाही, भाव दुप्पट. आषाढात कुत्रं फिरकत नाही. पण मालकाला हॉल बांधावा लागतो तो मुहूर्ताच्या गर्दीएवढा, आणि त्याचं कर्ज मात्र बाराही महिने फेडावं लागतं. मग शहाणा मालक काय करतो? मधल्या दिवसांत सवलत देतो. बारसं, साखरपुडा, प्रदर्शन, जे मिळेल ते घेतो. नवा हॉल बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

वीज तशीच आहे, फक्त जास्त हट्टी. ती बनते त्याच क्षणी वापरावी लागते. वीजघर, ट्रान्सफॉर्मर, तारा हे सगळं दिवसातल्या सर्वांत गर्दीच्या तासाएवढं मोठं ठेवावं लागतं. बाकीचे तास ते अर्धवट रिकामं. आणि गर्दीचा तास क्षमतेच्या वर गेला की तारा तापतात, संरक्षण यंत्रणा लाइन तोडते, तो भार शेजारच्या लाइनवर जातो, मग तीही तुटते.

टाटांच्या कंपनीची अडचण हीच होती. तिचं पहिलं गिऱ्हाईक एकाच साच्यातलं होतं. गिरण्या सकाळी एकदम सुरू व्हायच्या, संध्याकाळी एकदम थांबायच्या. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीतल्या प्रौढ पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला होता, १९२२ मध्ये तो अकरा तासांवर आला. उरलेल्या वेळात खोपोलीची यंत्रं कुणासाठी फिरवायची?

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. कामाचे तास हलवणं हा फक्त विजेचा हिशोब नसतो. खोपोलीच्याही आधी, गिरण्यांत विजेचे दिवे लागले तेव्हा मालकांना सूर्य मावळल्यावरही माग चालवता येऊ लागले आणि कामगारांचा दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. १९०५ च्या सुमारास मुंबईत त्यावरून कामगार चिडून रस्त्यावर आले होते. पुढे चौकशा होऊन १९११ चा कायदा झाला त्यामागे तो असंतोष होता. यंत्राची वेळ बदलली की माणसाची झोप बदलते, हे गिरणगावाला तेव्हाच कळलं होतं.

टाटांना उत्तर मिळालं ते वेगवेगळ्या सवयींच्या गिऱ्हाइकांत. बेस्ट कंपनी त्यांच्याकडून घाऊक वीज घेऊ लागली. घरातले आणि दुकानातले दिवे संध्याकाळी पेटतात, म्हणजे गिरण्या थंडावत असताना. ट्राम पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली, १९२८ मध्ये पश्चिमेकडची गाडीही बोरिवलीपर्यंत विजेवर आली. लोकलची गर्दी सकाळ-संध्याकाळ, गिरणीची दुपारभर. एकाची गरज कमी होते तेव्हा दुसऱ्याची वाढते, आणि तीच तार, तेच यंत्र दोघांना पुरतं. एकट्या गिरण्यांवर विसंबलेल्या कंपनीला हे परवडलं नसतं. (रेल्वेने नंतर कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचं कोळशाचं वीजघरही उभं केलं. जुन्या डोंबिवलीकरांना त्याच्या चिमण्या आठवत असतील.)

दुसरी जमेची बाजू पाण्याची. कोळशाचा बॉयलर तापायला तास लागतात. पाण्याचं तसं नाही. झडप उघडली की काही मिनिटांत वीज, बंद केली की बंद. पाणी तलावात थांबून राहतं. म्हणजे वाकण्याचं काम गिरण्यांऐवजी तलावाने केलं.

पण गिऱ्हाईक वाढत गेलं तसे तलावही वाढवावे लागले.

१९१६ मध्ये दुसरी कंपनी निघाली, आंध्रा व्हॅली. नावाने फसू नका, ही आंध्रा नदी मावळातली. ठोकरवाडीचं धरण, तिथून बोगदा, आणि खाली कर्जतजवळ भिवपुरीचं वीजघर. ते १९२२ मध्ये सुरू झालं. या वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी उल्हास नदीत येतं. नेरळ, बदलापूर करत ते पुढे जातं. बदलापूरच्या बॅरेजवर आणि जांभूळला जे पाणी उचललं जातं, त्यात हे घाटावरून उतरलेलं पाणीही असतं. मुळात पूर्वेकडे, भीमेच्या खोऱ्यात जाणारं पाणी शंभर वर्षांपूर्वी गिरण्यांसाठी पश्चिमेला वळवलं गेलं आणि नंतर त्याच्या काठावर शहरं वाढली. उल्हासनगर हे नाव १९४९ चं. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित येऊन राहिले, तिचे पाच कॅम्प झाले, आणि आज त्या शहराला स्वतःचा पाण्याचा स्रोत नाही. ते एमआयडीसीकडून पाणी घेतं. अंबरनाथ, बदलापूरची तहानही याच नदीवर.

तिसरी योजना मात्र वेगळी ठरली.

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळशीला धरण बांधायचं आणि पाणी खाली रायगडातल्या भिऱ्याला सोडायचं असा बेत. मुळशीचं खोरं रिकामं नव्हतं. तिथे भातशेती होती, पन्नासच्या वर गावं बाधित होणार होती. जमीन संपादनाचा कायदा सरकारने कंपनीसाठी वापरला. एप्रिल १९२१ मध्ये रामनवमीला मावळ्यांनी कामाच्या जागी ठिय्या दिला. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले. सेनापती ही पदवी लोकांनी त्यांना याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या सोबत होते. गांधीजींनीही त्याच महिन्यात टाटांना फेरविचाराचं आवाहन केलं.

लढा एकसंध राहिला नाही. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या, आणि त्यांना रोख नुकसानभरपाई मिळत असेल तर धरण वाईट वाटत नव्हतं. पुढाऱ्यांत मतभेद झाले. बापटांना एकापाठोपाठ एक शिक्षा झाल्या, १९२४ मध्ये धरणाच्या कामाची रेल्वे अडवून केलेल्या हल्ल्याबद्दल सात वर्षांची. धरण पूर्ण झालं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

दोराबजींचं चरित्र लिहिणारे बरेच जण इथून भराभर पुढे जातात. तसं जाता येत नाही. कोळशाचा धूर कमी व्हावा, देशी भांडवलावर देशी वीज उभी राहावी हे खरंच मोठं काम होतं. पण मुंबईची मागणी वाढली की पुढचं खोरं घ्यायचं, हाच एक मार्ग तेव्हा विचारात घेतला गेला. आहे त्या विजेत गिरण्यांच्या पाळ्या पुढेमागे करून किती भागेल, हा हिशोब मुळशीच्या शेतकऱ्याला कुणी मांडून दाखवला नाही. शंभर वर्षांनंतरही मुळशी तालुक्यातल्या विस्थापितांच्या वारसांचे प्रश्न निघतात ते याच कारणाने.

याच काळात स्वतः दोराबजी दुसऱ्या संकटात होते. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव पडले. १९२४ मध्ये जमशेदपूरच्या कारखान्यात पगाराला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी आपली जवळजवळ सगळी खासगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, बँकेकडे तारण ठेवली. त्यात मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता. कारखाना वाचला. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे इथे थांबायचं कारण नाही. ऑलिम्पिकचंही तसंच. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी पोरं बघून त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू पाठवण्याचा खर्च उचलला, आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले.

दोराबजींच्या विजेचं पुढे काय झालं?

खोपोली ७२ मेगावॉट, भिवपुरी ७५, भिरा ३०० अशी मिळून आज ही केंद्रं ४४७ मेगावॉटची आहेत. मुंबईच्या आजच्या भुकेपुढे हा आकडा लहान आहे. पण त्यांची किंमत आकड्यात नाही, वेळेत आहे. संध्याकाळी मागणी एकदम वर चढते तेव्हा लागणारी वीज ती देतात. कोलाडला रिव्हर राफ्टिंगला गेलेल्यांना हे नकळत माहीत असतं. कुंडलिका नदीत बोट सकाळी ठरलेल्या वेळेलाच सोडतात, कारण भिऱ्याचं वीजघर चालल्यावर नदीला पाणी येतं.

भिऱ्यातले १५० मेगावॉट उलटेही चालतात. वीज मुबलक असेल तेव्हा पंप लावून पाणी परत वर चढवायचं, टंचाईच्या वेळी खाली सोडायचं. ही सोय १९९० च्या दशकातली. आता उल्हास नदीच्या वाटेवरच्या भिवपुरीत याच पद्धतीचा १००० मेगावॉटचा प्रकल्प टाटा पॉवरने हाती घेतला आहे. दुपारी सौर पॅनेलची वीज ओसंडून वाहते, तेव्हा पाणी वर जाईल. संध्याकाळी सूर्य नसतो आणि एसी-दिवे-लिफ्ट सगळं चालू असतं, तेव्हा ते खाली येईल.

पण तलाव सगळा भार उचलू शकत नाही. वीज पुरेशी असली तरी ती आणणारी तार भरलेली असेल तर काय होतं, हे मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० ला पाहिलं. सकाळी दहाच्या सुमारास कल्याणपलीकडच्या पडघ्याहून कळव्याला येणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिनीत बिघाड झाला, भार दुसरीकडे ढकलला गेला, आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. वीज देशात कमी नव्हती. ती शहरात शिरण्याचा रस्ता कमी पडला.

म्हणून आता प्रश्न पुन्हा गिऱ्हाइकाकडे आला आहे. महावितरणच्या औद्योगिक बिलात टाइम ऑफ डेचे रकाने बरीच वर्षं आहेत. जुन्या रचनेत रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सवलत मिळायची, सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जास्त पडायचे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिशा फिरवली. सौरऊर्जेच्या आठ तासांत दर किमान २० टक्के कमी, आणि गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान १.२ पट. १० किलोवॉटहून जास्त कमाल मागणी असलेल्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही तारीख ठरवली गेली, शेती सोडून बाकीच्यांसाठी १ एप्रिल २०२५. म्हणजे स्वस्त वीज रात्रीवरून दुपारवर सरकते आहे.

मोठ्या कारखान्याला हे जमतं. बर्फ बनवणारा बर्फ दुपारी गोठवून ठेवतो. कोल्ड स्टोरेज दुपारी दोन अंश जास्त थंड करून संध्याकाळी कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद ठेवतं. टाकीत पाणी चढवणं, कपडा धुणं, बॅटरी चार्ज करणं, हे सगळं सरकवता येतं. २०२३ मध्ये टाटा पॉवरने मुंबईत ऑटोग्रिड या कंपनीबरोबर नेमकी हीच योजना जाहीर केली. गर्दीच्या तासात ग्राहकाने वापर कमी केला तर त्याला मोबदला.

कॅम्प ४ आणि ५ मधल्या जीन्स आणि शिलाईच्या युनिटला मात्र हे तितकं सोपं नाही. तिथला कारागीर नगावर पैसे घेतो. मोठा व्यापारी माल उद्या सकाळी मागतो. मशीन दुपारीच चालवायचं तर सकाळचे तास आणि संध्याकाळचे तास कारागिराने काय करायचं? बाजारातल्या दुकानाचं तर बोलायलाच नको. त्याचा धंदाच दिवेलागणीनंतरचा. लाइट बंद ठेवून गिऱ्हाईक येत नाही. दर वाढवला की त्याचा वापर सरकत नाही, फक्त बिल वाढतं. हलवता येण्यासारखं काम असलेल्याला सवलत पुरते. ज्याचं काम हलत नाही त्याच्यासाठी वेगळा विचार लागतो, आणि तो करताना शुक्रवारच्या सुट्टीचा अनुभव कामी यावा. ती सुट्टी पूर्ण पट्ट्याला एकदम आणि आधी सांगून मिळाली. त्यामुळे मालक, कामगार, कँटीन, रिक्षा, सगळ्यांनी आपापलं वेळापत्रक त्याप्रमाणे बसवलं. रोज बदलणाऱ्या दरावर असं घर बसवता येत नाही.

दोराबजींच्या शेवटच्या वर्षांत वीज कंपन्यांची मालकी पातळ झाली होती. १९२९ मध्ये त्यांच्या व्यवस्थापनात अमेरिकन अँड फॉरेन पॉवर कंपनी निम्म्या वाट्याने आली. पोलादाने पैसा शोषून घेतला होता आणि विजेला वाढायचं होतं, त्यामुळे बाहेरचा भागीदार घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

जून १९३१ मध्ये मेहेरबाई ल्युकेमियाने गेल्या. दोघांना मूलबाळ नव्हतं. पुढच्या वर्षी दोराबजींनी आपली मालमत्ता ट्रस्टच्या नावे केली, पत्नीच्या नावाने रक्ताच्या आजारांवरील संशोधनासाठी वेगळा ट्रस्ट केला आणि तिच्या समाधीला भेट द्यायला युरोपला निघाले. ३ जून १९३२ ला जर्मनीतल्या बाड किसिंगेन इथे त्यांचा मृत्यू झाला. इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या दफनभूमीत मेहेरबाईंशेजारी ते आहेत.

ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले. त्या ट्रस्टने १९४१ मध्ये कॅन्सरचं हॉस्पिटल उभं केलं, परळमध्ये. खोपोलीहून निघालेली पहिली लाइन येऊन थांबत होती, तेच परळ. कर्जत, बदलापूर, उल्हासनगरहून सकाळच्या लोकलने तिथे जाणाऱ्यांची रांग आजही आठच्या आधी लागलेली असते.